पहिलीला कवायत, आठवीनंतर वाऱ्यावर

जून 2025 मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केलं, की राज्यातल्या मुलांना पहिलीपासूनच प्राथमिक स्वरूपाचं लष्करी प्रशिक्षण द्यायचं आणि त्यासाठी अडीच लाख माजी सैनिकांची मदत घ्यायची. कारणं सांगितली गेली ती देशप्रेम, व्यायाम आणि शिस्त. लगेच ठरलेले दोन आवाज उठले. एकाला त्यात राष्ट्रभक्तीची पेरणी दिसली, दुसऱ्याला लष्करशाहीची चाहूल. मीरा-भाईंदरमध्ये पालिकेच्या शाळेत पोर घालणाऱ्या आईबापाच्या उपयोगाचं मात्र दोघांच्याही बोलण्यात काही नव्हतं.

आधी मंत्र्यांचा मुद्दा घेऊ. सहा वर्षांच्या पोराला धावायला, उड्या मारायला, पडायला जागा लागते. ती हवी तर मैदान द्या आणि क्रीडाशिक्षक नेमा; त्याला पलटणीचं नाव देण्याची गरज नाही. सुभेदार किंवा हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं आयुष्यभर स्वतःहून भरती झालेल्या जवानांना शिकवलेलं असतं. दात पडणाऱ्या वयातल्या चाळीस मुलांना सांभाळणं हे वेगळं कसब आहे, आणि ते बालवाडीताई आणि पहिलीच्या बाई जाणतात. शिवाय सक्तीचं काय होतं, हे आपण एकदा पाहिलेलं आहे. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना (एनसीसी) सक्तीची झाली आणि पाचच वर्षांत, 1968 मध्ये, ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. जे विशीतल्या तरुणांच्या गळी उतरलं नाही, ते पहिलीतल्या मुलांच्या गळी उतरवायला निघालो आहोत.

आता विरोधकांकडे वळू. ‘शाळेच्या आवारात लष्कर नकोच’ असं ते म्हणतात तेव्हा बहुधा अमेरिकेचं उदाहरण डोळ्यांपुढे असतं. तिथं 1916 च्या कायद्यानं सरकारी हायस्कुलांत लष्कराचे वर्ग आले. 2022 मध्ये तिथल्या वृत्तपत्रांनी उघड केलं, की अनेक शहरांत मुलांना न विचारताच त्या वर्गांत घातलं जात होतं आणि अशा शाळांत गरिबांची मुलं जास्त होती. ही भीती खोटी नाही. पण आपल्याकडचा कायदा उघडून पाहावा. हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून 1948 चा एनसीसी कायदा झाला. हे कुंझरू म्हणजे गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. लष्करशाहीचा शिक्का त्यांच्यावर कुणी मारणार नाही. तो कायदा सांगतो, की केवळ छात्र आहे म्हणून कुणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेची जबाबदारी येत नाही.

त्याहून मोलाची आहे ती एनसीसीची रचना. शाळेतल्या तुकडीचा प्रमुख लष्करी माणूस नसतो, शाळेचाच शिक्षक असतो. तो नागपूरजवळ कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन येतो. शिक्षिका ग्वाल्हेरला जातात. पलटणीचे प्रशिक्षक येऊन कवायत आणि शस्त्र शिकवतात, पण मूल ओळखणारा, त्याचं घर ठाऊक असलेला माणूस मध्ये उभा असतो. लष्कर आणि शाळा यांची भागीदारी कशी असावी, याचं इतकं शहाणं उत्तर आपल्यापाशी पाऊणशे वर्षं तयार आहे. मग नवं काढायचं कशाला?

अडचण पुढेच आहे. एनसीसीचा कनिष्ठ विभाग साधारण आठवी-नववीत सुरू होतो, आणि पालिकांच्या शाळा बहुतांशी आठवीपर्यंतच. दार उघडायच्या वेळेला पालिकेचं पोर शाळेबाहेर पडलेलं असतं. नवी तुकडी सरकारी खर्चानं मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. स्वतःच्या खर्चानं चालवायची सोय आहे, पण ती फी भरणाऱ्या पालकांच्या खासगी शाळांना परवडते. दुसरा रस्ता सैनिक शाळेचा. साताऱ्याची सैनिक शाळा देशातली पहिली, 1961 ची. तिच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घ्यायला घरात कुणीतरी लागतं. म्हणजे आपल्याकडे गरिबाचं मूल लष्करात ओढलं जाण्याची भीती कमी. त्याला तो रस्ता दिसतच नाही, हा अन्याय मोठा. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र हाती असलेल्या पदवीधराला अधिकारीपदासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळापुढे जाता येतं, हे या मुलांना सांगणार कोण?

मीरा-भाईंदरला लष्कर परकं आहे असंही नाही. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे 7 ऑगस्ट 2018 रोजी काश्मीरच्या गुरेझ भागात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे पुढे चेन्नईच्या अकादमीतून प्रशिक्षण घेऊन 2020 मध्ये स्वतः अधिकारी झाल्या. फलक, चौक, श्रद्धांजल्या हे सगळं आपण हौसेनं करतो. पालिकेच्या पोरांसाठी वाट मात्र काढत नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. महानगरपालिकेनं आपल्या शाळांना नववी-दहावी जोडावी आणि तिथं एनसीसीच्या तुकड्यांचा खर्च स्वतः उचलावा. मुलगे आणि मुली दोघांनाही जागा हवी. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी 2025 मध्ये बाहेर पडली आहे. समुद्रकाठच्या उत्तनला एनसीसीचा नौदल विभाग मागावा. कोळ्यांच्या पोरांना होडी, वारा, भरती-ओहोटी शिकवावी लागणार नाही, उलट प्रशिक्षकालाच चार गोष्टी कळतील. परेडला भाईंदर पश्चिमेचं नेताजी सुभाषचंद्र बोस मैदान ठरावीक सकाळी राखून ठेवावं. सभा आणि प्रदर्शनं दुसरीकडे भरतील. माजी सैनिकांना जरूर बोलवावं, पण तुकडीच्या शिक्षकाच्या हाताखाली आणि मानधन देऊन.

आणि संमतीपत्र पालकाच्या भाषेत असावं: मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू. त्यात हेही लिहावं, की तुकडी केव्हाही सोडता येते, आणि पुढे कुणी अग्निवीर झालाच तर ती नोकरी चार वर्षांची आहे व त्यानंतर चारांतल्या फार तर एकालाच कायम करतात.