हवा काढण्यासाठी मिस्त्री कशाला?

उन्हाळी भुईमुगाला पाण्याची पाळी द्यावयाची असते आणि नेमके त्याच दिवशी विहिरीवरील डिझेल इंजिन सुरू होत नाही. हँडल मारून दोन गडी दमतात. धुराची रेघही दिसत नाही. मग तालुक्याच्या गावी मिस्त्रीला निरोप जातो. तो येतो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. दोन-तीन स्क्रू सैल करतो, थोडे डिझेल वाहू देतो, स्क्रू पुन्हा आवळतो, आणि इंजिन धडधडू लागते. आऱ्या जमिनीत उतरण्याच्या वेळी ओल तुटली असेल, तर त्या दोन दिवसांची किंमत मिस्त्रीच्या मजुरीहून पुष्कळ अधिक असते.

पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. म्हणजे हे यंत्र महाराष्ट्राच्या शेतीला नवखे नाही. आता बहुतेक विहिरींवर विजेचे पंप आले आहेत, काही ठिकाणी सौरपंपही आले. तरी जेथे वीज पोचत नाही किंवा वेळेवर येत नाही, तेथे आधार डिझेलचाच आहे. अशा शेतकऱ्याला हवा काढता येऊ नये, ही गोष्ट योग्य नव्हे.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. सिलिंडरात दाबामुळे तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडते व तो पेटतो. अनेक लहान इंजिनांत नोझल उघडण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो दाब लागतो. डिझेल दाबले तरी फारसे आकसत नाही, म्हणून पंपाचा इवलासा दट्ट्या एवढा दाब क्षणात आणतो. नळीत हवा शिरली की दट्ट्याचा सारा जोर ती हवा आकसविण्यातच खर्ची पडतो आणि नोझल उघडत नाही. मग हँडल कितीही मारा!

ही हवा शिरते बहुधा टाकी कोरडी पडू दिल्याने, किंवा फिल्टर बदलल्यावर. ती काढताना टाकीकडून नोझलकडे, हा क्रम मोडू नये. प्रथम टाकी भरून चावी उघडावी. फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करावा. फेसाळ डिझेल येऊ लागेल. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की तो आवळावा. मग पंपावरील स्क्रूचे तसेच करावे. शेवटी नोझलकडील नळीचा नट एखादा फेरा सैल करून, दाब सोडण्याचा खटका उचलून हँडल फिरवावे. बुडबुड्यांवाचून डिझेल उसळू लागले की नट आवळावा. पुन्हा हँडल फिरविताना नोझलचा करकर आवाज आला, म्हणजे काम झाले.

अर्धवट हाताने बिघाड वाढेल, असा आक्षेप काही जण घेतात. त्यात थोडे तथ्य आहे. पंप व नोझल खोलण्याचे काम मिस्त्रीचेच. परंतु हे स्क्रू हवा काढण्यासाठीच ठेवलेले असतात. लांब पान्याने जोर करून आटे मोडू नयेत, एवढे पथ्य पुरे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिबिरात तक्त्यावर भाग दाखवून थांबू नये. इंजिनात मुद्दाम हवा शिरू द्यावी आणि प्रत्येकाच्या, शेत सांभाळणाऱ्या स्त्रियांच्याही, हाती पाना द्यावा. एकदा स्वतः काढलेली हवा दहा व्याख्यानांपेक्षा अधिक शिकविते.

हवा वारंवार शिरत असेल तर मात्र मूळ शोधले पाहिजे. टाकी उंच असेल तर सैल सांध्यातून डिझेल ठिबकते आणि दोष दिसतो. टाकी खाली असून पंप तेल ओढून घेत असेल, तर त्याच सांध्यातून थेंबही न गळता हवा आत जाते. तेथे डोळा फसतो. तांब्याचे जुने वायसर अशा वेळी प्रथम बदलावेत. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र मातीने बुजले तरी इंजिन बंद पडते, पण ते तेल अडल्यामुळे. झाकण उघडताच सुस्कारा ऐकू आला तर दोष तेथेच.

नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत जातो; जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. नव्या ट्रॅक्टरांपैकी ज्यांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडले जाते, त्यांच्या नळ्यांत १,००० किलोंहूनही अधिक दाब असतो. त्यांचे नट शेतकऱ्याने सैल करू नयेत. वरील रीत जुन्या पद्धतीच्या पंपापुरतीच आहे.