खाऱ्या वाऱ्यातली हिरवी वई

मालवण तालुक्यात मसुरे येथे गड नदी समुद्राच्या ओढीने संथ होते आणि पुढे कालावलच्या खाडीत मिसळते. अलीकडे भरतगड, पलीकडे भगवंतगड आणि मधून भरती-ओहोटीचे पाणी. पावसाळ्यात नदीच्या लोंढ्याने खाडी गोडी होते. फाल्गुन-चैत्रात नदीची धार क्षीण झाली की खारे पाणी आत शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते काठच्या परड्यांपर्यंत पोहोचते.

अशा परड्यात हौसेने लावलेला गुलाब टिकत नाही. मातीत क्षार वाढले की ओल असूनही मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. वाऱ्याबरोबर आलेल्या मिठाने पानांच्या कडा करपतात. व्यापारानिमित्त मुंबईस वा कोल्हापुरास राहणाऱ्या आणि गावचे घर वर्षातून दोनदाच उघडणाऱ्या कुटुंबांपुढे हा प्रश्न अधिकच बिकट असतो. रोज पाणी घालणार कोण? काटेरी तार ओढावी, तर खाऱ्या हवेत ती लवकर गंजते, आणि तिच्यात अडकून मुकी जनावरे जखमी होतात. मोगली एरंडाची वई स्वस्त खरी, पण तिच्या बिया विषारी. अंगणात मुले खेळत असतील तर ती नकोच.

याचे उत्तर खाडीच्या काठीच उभे आहे. कोयनेल, वनजाई, कडू मेंदी अशा नावांनी ओळखले जाणारे हे झुडूप मूळचे आपल्याच किनाऱ्याचे. खारफुटीच्या मागच्या कडेस, बांधावर ते आपोआप वाढते. पाने जाडसर, चकचकीत, बारमाही हिरवी; फुले पांढरी, जांभळट लांब केसरांची. पाने कडू असल्याने गुरे तोंड लावत नाहीत. म्हणजे राखणीसाठी काट्यांची गरज नाही. कोणासही न दुखवता हद्द राखली जाते.

लागवड सोपी आहे. गावातील एखाद्या जुन्या वईची छाटणी चालू असता पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या मागून घ्याव्यात. खाडीकाठच्या झाडीत कोयता घेऊन शिरू नये. खारफुटीच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर मनाई केली आहे, आणि उधाणाच्या वेळी तीच झाडी काठ सावरून धरते. मृगाच्या सरींनी माती भिजली की हातभर अंतरावर, दोन ओळींत, एकाआड एक अशा फांद्या तिरप्या खोचाव्यात. निम्मा भाग मातीत राहू द्यावा. हे काम चातुर्मासास आरंभ होण्यापूर्वीच उरकावे. पुढे मातीत जीवजंतू वाढतात, तेव्हा खणणे टाळलेलेच बरे.

खरी कसोटी पहिल्या उन्हाळ्याची. क्षार सोसणारे झाड असले, तरी कोवळ्या मुळांना गोड्या पाण्याचा आधार हवा. पहिल्या वर्षी माघापासून ज्येष्ठापर्यंत आठवड्यातून दोनदा शिंपण करणारा माणूस नेमावा आणि बुंध्याशी माडाच्या झावळांचे आच्छादन घालावे. दुसऱ्या वर्षापासून हा खर्च जवळजवळ उरत नाही. रोप गुडघाभर झाले की शेंडे खुडावेत. बाजूच्या फांद्या फुटून वई दाट होते. शेंडे न खुडता वाढू दिलेली वई वर पसरते आणि बुडाशी उघडी पडते. मग तीतून कोंबड्या आणि कुत्री खुशाल ये-जा करतात.

छाटणीपूर्वी फांद्या हलक्या हाताने बाजूला करून आत पाहावे. दाट वईत लहान पक्षी घरटी करतात. घरटे दिसल्यास पिले उडेपर्यंत तेवढा भाग तसाच ठेवावा. चार आठवडे वई थोडी वेडीवाकडी दिसली, तरी बिघडत नाही.

वई धरली की तिच्या आडोशास, खारा वारा अडल्यावर, जास्वंद आणि अनंतही तग धरू लागतात. दिवाळीत घर उघडणाऱ्यांना मग दारात करपलेल्या काड्या दिसत नाहीत. पांढरी फुले आणि त्यांवर संध्याकाळी घिरट्या घालणारे पतंग घरातल्यांच्या आधी अंगण जागे करून बसलेले असतात.