पत्रांची नक्कल

क्रांती चौकातील आमच्या बिऱ्हाडी मागे एक अनर्थ घडला. चिरंजीवांनी परदेशाहून धाडलेली ई-पत्रे नातवाने मोबाइलवर पुसली, ती संगणकावरूनही अंतर्धान पावली. ध्यानी आले तोवर कचरापेटीही रिकामी! आयमॅप पद्धतीत दोन्हीकडे दिसते ती पेटी एकच. तीस जतन म्हणणे हा भ्रम होय.

जतनाचा ओघ एकाच दिशेने असावा: मूळ पेटीकडून नकलेकडे. नवे पत्र नकलेत यावे. पुसणे मात्र तेथे उतरू नये. ‘आयमॅपसिंक’ हे साधन एरवी असेच चालते. २०११ साली जीमेलच्या काही पेट्या रित्या झाल्या, त्या गूगलने निराळ्या ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून भरल्या. सुज्ञ गृहस्थांनी आजच नक्कल करावी. आमची पत्रे तर गेलीच.