आजी ‘वयाने’ गेली नाही

आमच्या आजीला जाऊन वर्ष झाले. भेटायला येणारे म्हणाले, “वय झालं होतं.” आम्हीही मान हलवली. आज मात्र स्पष्ट लिहितो : आजी वयाने गेली नाही. ती पडली होती आणि त्याचा परिणाम आम्ही ओळखला नाही.

पहाटे अंधारात सार्वजनिक शौचालयाच्या ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला, डोके भिंतीला लागले. रक्त आले नाही, टेंगूळही लहानच. हळद लावली, चहा दिला. तीन आठवड्यांनी डोके दुखू लागले. ती दिवसभर झोपून राही, नातवंडांची नावे चुकवी, डावा पाय ओढी. आम्ही म्हणालो, म्हातारपण! दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता.

उतारवयात मेंदू थोडा आकसतो. मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात व हलक्या मारानेही फाटतात. रक्त हळूहळू साठते आणि काही आठवड्यांनी मेंदूवर दाब येतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. सीटी स्कॅनमध्ये हे दिसते. वेळेत कळले तर कवटीला लहान छिद्र पाडून रक्त काढता येते आणि अनेक वृद्ध पुन्हा चालू-बोलू लागतात.

म्हणून डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, झटके, बोलण्यात अडखळणे दिसले तर लगेच १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना त्याच दिवशी दाखवा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. पडल्याची तारीख लिहून ठेवा आणि पुढचे दोन-तीन महिने लक्ष ठेवा. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते. ते आजच काढून ठेवा.

आपण म्हाताऱ्यांना “जपून चाला” सांगतो. पण दिवा नाही, कठडा नाही, पायरीवर शेवाळ, तिथे कितीही जपून चालले तरी माणूस पडणारच. घरातली मोरी कोरडी ठेवणे, रात्री दिवा लावणे, अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसवणे हे आपले काम. शौचालयाला दिवा आणि कठडा देणे हे नगरपालिकेचे काम. वस्तीच्या पुढच्या बैठकीत सह्यांचा अर्ज करू या. आमच्या आजीसाठी उशीर झाला. तुमच्या आजी-आजोबांसाठी अजून वेळ आहे.