मते मोजली, गाऱ्हाणी कोण मोजणार?



मतदानाच्या दिवशी देशाला सुट्टी असते, गाड्यांना नसते. एका लोकसभा निवडणुकीला मी घरापासून दोनशे किलोमीटरवरच्या रनिंग रूममध्ये होतो. परतलो तेव्हा मतदान केंद्राबाहेर टेबल-खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. चहाच्या टपरीवर चडफडलो आणि विसरलो. रात्रपाळीला सॉर्टिंग करणाऱ्या आपल्या टपाल बांधवांनाही हा अनुभव नवा नसेल. आपले मत बुडाले, याची नोंद कुठेच झाली नाही.

ऑस्ट्रेलियात ही नोंद होण्याची सोय आहे. तिथे संघीय निवडणूक झाली की, दोन्ही सभागृहांतील सत्ताधारी व विरोधी सदस्यांची संसदीय समिती त्या निवडणुकीची चौकशी करते. १९८० च्या दशकापासूनची ही प्रथा आहे. समिती जाहीर आवाहन करते आणि कोणीही नागरिक, कोणतीही युनियन आपले निवेदन पाठवू शकते. स्वीकारलेल्या निवेदनाला क्रमांक पडतो व ते सहसा प्रसिद्ध होते. पुढे जाहीर सुनावण्या होतात.

२०१३ ची त्यांची निवडणूक पाहा. पश्चिम ऑस्ट्रेलियात सिनेटच्या फेरमोजणीत १,३७० मतपत्रिका गहाळ निघाल्या. न्यायालयाने निकाल रद्द केला आणि एप्रिल २०१४ मध्ये तिथे पुन्हा मतदान घ्यावे लागले. त्याच निवडणुकीत व्हिक्टोरियातून पहिल्या पसंतीची अवघी ०.५१ टक्के मते मिळालेला उमेदवार सिनेटवर गेला, कारण पसंतीची मते पक्षापक्षांतील सौद्यांनुसार वळत होती. संसदीय समितीने चौकशी करून मे २०१४ मध्ये शिफारस केली की, पसंती मतदारानेच ठरवावी. २०१६ मध्ये कायदा बदलला.

तिथेही सगळे आलबेल नाही. समितीत सत्ताधाऱ्यांचे वजन असते आणि प्रत्येक शिफारस सरकार मानतेच असे नाही. पण गाऱ्हाणे कागदावर येते. कागदावर आलेले गाऱ्हाणे दाबणे कठीण असते, हे युनियनवाल्यांना मी काय सांगावे!

आपल्याकडे निकालाला आव्हान द्यायचे तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. ती वाट एका मतदारसंघाच्या निकालापुरती. प्रत्येक लोकसभा निवडणुकीनंतर संसदेने जनतेला विचारून चौकशी करावी, असा शिरस्ता नाही.

२०१९ मध्ये नियम बदलून, आयोगाने अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतील कामगारांना टपाली मतदानाची मुभा मिळाली. त्यासाठी फॉर्म १२ डी निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर ५ दिवसांत पोहोचवावा लागतो. आपल्या डेपोत किती जणांना हा फॉर्म ठाऊक होता? किती जणांनी भरला? किती जणांचे मत पडले? हे प्रश्न संसदेने विचारायला हवेत.

तोवर आपण थांबायचे का? मुळीच नाही. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. ड्युटीमुळे कोणाचे मत बुडाले, फॉर्म का मिळाला नाही, हे तारखेसह लिहावे. त्यावरून निवेदन तयार करून खासदारामार्फत लोकसभेत याचिका सादर करावी. संसदीय समित्या विधेयकांवर सूचना मागवतात, तेव्हाही आपला कागद तयार असावा.

आठ तासांची पाळी आपल्याला कोणी बोलावून दिली नाही. मताचा हक्कही बसल्या जागी मिळणार नाही. टपरीवरची चडफड आता वहीत उतरू द्या!