गुप्तधन नव्हे, मिस्सांचे पैसे

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की भूमीतले गुप्तधन दिसते, असे कोणी सांगू लागला तर आमची सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबे हसतात, आणि ते योग्यच आहे. गुप्तधनाच्या लोभाने होणारी अघोरी कृत्ये महाराष्ट्राने २०१३ सालच्या कायद्याने गुन्हा ठरविली आहेत. २०२५ साली एका ऐतिहासिक चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरातील शेते लोकांनी मोगली मोहरांसाठी विजेऱ्यांच्या उजेडात रात्रीतून खणली, तेव्हाही आपण हसलो. मात्र हीच कुटुंबे फ्रान्समधल्या एका खेड्यातील खजिन्याची कथा मान डोलवीत ऐकतात. ती इंग्रजीतून आली, एवढाच काय तो फरक!

‘द दा विंची कोड’ या कादंबरीवरील चित्रपट २००६ साली आला तेव्हा आपल्या लोकांनी निषेध केला. परंतु जिच्या खांद्यावर ती कादंबरी उभी आहे त्या दंतकथेकडे कोणी पाहिले नाही. कादंबरीच्या आरंभी ज्याचा खून होतो त्या संग्रहालयाच्या अधिकाऱ्याचे नाव सोनिएर आहे. हे नाव एका खऱ्या धर्मगुरूचे होते, आणि त्यांच्याविषयी आम्हांस आज बोलावयाचे आहे.

रेन-ल-शातो हे दक्षिण फ्रान्समधील डोंगरमाथ्यावरचे लहानसे गाव. १८८५ साली बेरांजे सोनिएर हे तेहेतीस वर्षांचे धर्मगुरू तेथे आले. मग्दालिया मरियेच्या नावाचे तेथील मंदिर मोडकळीस आले होते. त्यांनी ते दुरुस्त केले, मूर्तींनी सजविले; पुढे बंगला बांधला, ग्रंथांसाठी मनोरा उभारला, बाग केली. खेड्यातल्या धर्मगुरूच्या वेतनात हे बसणारे नव्हते. मग पैसा आला कोठून? गुप्तधनवाल्यांचे उत्तर तयार आहे: वेदीच्या पोकळ खांबात प्राचीन चर्मपत्रे सापडली आणि त्यांच्या आधारे खजिना हाती लागला. तो खजिना कोणाच्या मते जेरुसलेमच्या मंदिराचा, कोणाच्या मते टेंपलर सरदारांचा, तर कोणाच्या मते ब्लांश राणीचा. तीन मालक असलेल्या धनाविषयी शंका यावयास हवी होती. पण ती कोणास येत नाही.

खरे उत्तर ख्रिस्तसभेच्याच न्यायासनापुढे आले होते. कार्कासॉनच्या नव्या बिशपांनी हिशेब मागितला. (आधीच्या काळात तो कोणी मागितला नाही, हे नवल आम्हांसही वाटते.) १९१० साली सोनिएर यांच्यावर मिस्सांचा व्यापार केल्याचा आरोप ठेवला गेला. त्यांनी स्वतः १,९३,१५० फ्रँक खर्चाचा हिशेब दिला. काही रक्कम दानशूरांची होती, तेही खरे. परंतु धार्मिक नियतकालिकांतून आवाहने करून आणि पत्रे धाडून त्यांनी दूरदूरच्या भाविकांकडून मिस्सांचे दान मागविले होते, आणि एवढ्या मिस्सा अर्पण करणे त्यांना शक्य नव्हते. १९११ साली त्यांना धर्मसेवेतून निलंबित करण्यात आले.

वाचकहो, येथे साधा गुणाकार करावा. धर्मगुरूला सामान्यतः दिवसाला एकाच मिस्सेचे दान स्वतःकडे ठेवता येते. त्या काळी हे दान फ्रँक-दीड फ्रँक असे. दीड फ्रँकाच्या दराने केवळ एक लाख फ्रँक जमवायचे तर सहासष्ट हजारांहून अधिक मिस्सा होतात. रोज एक म्हटली तरी १८२ वर्षे लागतील. एकेका फ्रँकामागे कोणी विधवा होती, कोणी मूल गमावलेली आई होती. आपल्या मृतात्म्याचे नाव कुठल्या तरी अनोळखी वेदीवर उच्चारले जात आहे, या समाधानात ती माणसे निजत होती. ते नाव उच्चारले गेलेच नाही. हा त्या मनोऱ्याचा पाया आहे! मग कोणी लेखक येऊन सांगतो की छे, तेथे राजघराण्याचे सोने होते, आणि आपण त्या विधवेला विसरून सोन्याच्या मागे धावतो. दंतकथेने इतिहास बिघडविला, हे पंडितांनी पाहावे. तिने गरिबांची फसवणूक झाकून टाकली, ही आमची तक्रार आहे.

खजिना असता तर अखेरच्या वर्षांत या गृहस्थांवर कर्ज काढण्याची पाळी का यावी? १९१७ साली ते वारले. त्यांची मिळकत त्यांच्या घरकामाच्या बाईकडून नोएल कॉर्बू नावाच्या गृहस्थाकडे आली. त्याने तेथे हॉटेल काढले. आडरानातल्या हॉटेलात गिऱ्हाईक कसे यावे? १९५६ साली एका वृत्तपत्राने कॉर्बूच्या तोंडून अब्जाधीश धर्मगुरूची कथा छापली, आणि गिऱ्हाईक आले. त्याच वर्षी पिएर प्लांतार याने ‘प्रायरी ऑफ सायन’ ही संस्था नोंदविली. पुढे हजार वर्षांची गुप्त परंपरा म्हणून गाजलेली ही संस्था आरंभी भाडेकरूंच्या हक्कांविषयी पत्रक काढीत होती! १९६७ साली एका पुस्तकात ती ‘प्राचीन’ चर्मपत्रे प्रसिद्ध झाली. ती आपण रचली, हे फिलीप द शेरिझे या प्लांतारच्या सोबत्याने पुढे कबूल केले.

आणि तो पोकळ खांब? तो आजही तेथे जपून ठेवला आहे. त्यातील खाच इतकी लहान आहे की चर्मपत्रांच्या गुंडाळ्या तीत राहणे कठीण. १८९१ साली सोनिएर यांनी तो खांब उलटा उभा करून त्यावर लूर्द मातेची मूर्ती बसविली आणि त्यावर ‘प्रायश्चित्त’ हा शब्द दोनदा कोरविला. खजिना शोधणाऱ्यांनी खांब मापला, अक्षरे उलटसुलट वाचली, त्यांत नकाशे पाहिले. शब्दाचा सरळ अर्थ घेण्याचे त्यांना सुचले नाही. खणणाऱ्यांचा उपद्रव एवढा वाढला की १९६५ साली गावात उत्खननास बंदी करावी लागली. मंदिराच्या दाराशी पवित्र जलाचे पात्र पेलणाऱ्या सैतानाचे डोके १९९६ साली कोणी पळविले. २००४ साली तर सोनिएर यांचा देह दफनभूमीतून काढून अन्यत्र काँक्रीटखाली पुरावा लागला. चुकलेल्या धर्मगुरूलाही शांत झोपण्याचा हक्क असतो. हौशी संशोधकांनी तोही ठेवला नाही.

‘ख्रिस्तसभा सत्य लपविते’ असे या मंडळींचे पालुपद असते. या प्रकरणी लपविण्याजोगे जे होते ते ख्रिस्तसभेनेच उघड केले, आणि ते कोणास नको आहे. कारण त्यात तळघर नाही, सांकेतिक लिपी नाही, आहे ती केवळ हिशेबाची वही. प्रभूच्या दाखल्यातला मनुष्यदेखील शेतात ठेव सापडल्यावर रात्री कुदळ घेऊन आला नाही. त्याने आपले सर्व विकून आधी ते शेत विकत घेतले.

मिस्सांच्या दानात व्यापाराचा भासही होऊ नये, असे धर्मसभेचा कायदा बजावतो. २०२५ साली रोमने मिस्सांच्या हेतूंविषयी पुन्हा नियम घालून दिले, त्यांतही व्यापाराविरुद्ध ताकीद आहे. प्रत्येक धर्मग्रामात या दानांची स्वतंत्र वही ठेवणे धर्मगुरूवर बंधनकारक आहे: किती मिस्सा, कोणाच्या हेतूसाठी, दान किती आणि अर्पण केव्हा झाले. नोव्हेंबरात आपण मृतांच्या नावांची पाकिटे आणून देता. ती नावे कोठे जातात हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे, आणि असा प्रश्न आला म्हणून कोणा धर्मगुरूने रागावू नये. आमची वही सॅक्रिस्टीतल्या कपाटात आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर यावे.