दुबईतला फ्लॅट, नाशिकची आई आणि १० लाखांचा दंड

गंगापूर रोड घ्या की इंदिरानगर, प्रत्येक सोसायटीत दोन-तीन घरं अशी निघतातच, ज्यांचा मुलगा नाहीतर मुलगी दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीला आहे. तिकडे फ्लॅट घेताना आईचं नाव सोबत लावतात. कधी प्रेमापोटी, कधी आईने रिटायरमेंटचे पैसे घातलेले असतात म्हणून. फ्लॅट भाड्याने जातो. इकडे आईचं रिटर्न मात्र दरवर्षीसारखं आयटीआर-१ मध्ये, पेन्शन आणि एफडीचं व्याज टाकून, दहा मिनिटांत उरकलं जातं.

गडबड इथेच आहे. परदेशात मालमत्ता असलेल्या रहिवाशाला आयटीआर-१ चालतच नाही. आयटीआर-२ भरायचा, त्यात ‘शेड्यूल एफए’मध्ये फ्लॅटचा पत्ता, खरेदीची तारीख, किंमत आणि मिळालेलं भाडं लिहायचं. उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरावंच लागतं. आणखी एक गंमत म्हणजे भाडं एप्रिल ते मार्चचं धरायचं, पण एफएमधली माहिती जानेवारी ते डिसेंबरची द्यायची!

“दुबईत टॅक्स नाही, मग इथे कसला?” हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलंय. अहो, तिथे नाही म्हणून इथे नाही असं होत नाही. इथे राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथे मोजलं जातं. ब्रिटनसारख्या देशात भाड्यावर कर कापला गेला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, त्यासाठी वेगळा फॉर्म भरायचा. एवढाच फरक.

आता हिशेब बघा. समजा वर्षाला ६० हजार दिरहम भाडं, आई आणि मुलगा निम्मे-निम्मे मालक, पैसेही दोघांनी निम्मे घातलेले. हिस्से ठरलेले असतील तर आयकर कायद्याचं कलम २६ सांगतं की ज्याचा हिस्सा त्याच्याच नावावर. मुलगा अनिवासी, त्याच्या निम्म्याशी आपल्या आयकर खात्याला घेणं नाही. आईचे ३० हजार, त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, उरले २१ हजार दिरहम. २३ रुपयांनी धरले तर ४ लाख ८३ हजार. पेन्शन ४ लाख असेल तर एकूण ९ लाखांच्या आत. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य.

म्हणजे कर शून्य, पण फ्लॅट दाखवला नाही तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांपर्यंत मामला जातो. खरा राग मला याचाच येतो. हा कायदा स्विस खात्यांसाठी म्हणून आणला, आणि भीती वाटते ती नाशिकरोडच्या निवृत्त बाईंना. ऑक्टोबर २०२४ पासून सरकारने २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट दिली, पण स्थावर मालमत्ता वगळून. शेअर, बँक खातं सुटलं, घर अडकलं. दंड लपवलेल्या कराच्या प्रमाणात हवा. जिथे करच निघत नाही तिथे एवढी रक्कम हा अन्याय आहे. आपल्या खासदारांनी हा मुद्दा लोकसभेत मांडावा, कांद्याइतका तातडीचा नसला तरी.

पण कायदा बदलेपर्यंत गप्प बसणं परवडणारं नाही. भाडं ज्या खात्यात जमा होतं त्याची माहिती देशादेशांतल्या करारांमुळे आपोआप इथे येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्याने एसएमएस आणि ईमेल पाठवले, तेव्हा ३० हजारांवर लोकांनी मिळून २९ हजार कोटींच्या वर मालमत्ता दाखवली. तोवर ती कागदावर नव्हती.

आणि जिथे सगळे पैसे मुलाने घातले, आईचं नाव नुसतं सोयीसाठी आहे, तिथे भाडं कुणाचं धरायचं हे सीएसोबत बसून ठरवा. फ्लॅट दाखवायचा की नाही, हा प्रश्न मात्र उरत नाही.

यंदा रिटर्न भरायला जाताना खरेदीखत, भाडेकरार आणि तिकडच्या बँकेचं स्टेटमेंट मुलाकडून आधीच मागवून घ्या. सल्लागाराने विचारलं नाही तरी तुम्ही होऊन सांगा. बरेच जण विचारतच नाहीत, हे मी पाहिलंय.